अंगठ्याखालचा शब्द

४ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणतो, राग आला की बोलू नका, वहीत लिहा, रक्तदाब उतरेल. हा डॉक्टर काल-परवा कॉलेजातून सुटलेला, अजून मिशी धड फुटलेली नाही. आयुष्यभर मी लेथवर खुर्च्यांचे पाय आणि जिन्याचे कठडे कातले. माझ्या एका पायाला दुसरा जुळला नाही असं कधी झालं नाही. आणि म्हातारपणी शाळकरी पोरीसारखी वही धरायची वेळ आली. असो. तपासणीची फी दिलीच आहे, तर लिहितो.

आजचा राग असा. मुलीचा फोन आला होता. मला नाही, हिला. मी मुलीशी गेल्या उन्हाळ्यापासून बोलत नाही. बातमी अशी की तिकडचं नागरिकत्व मंजूर झालं. एप्रिलच्या चार तारखेला समारंभ आहे. तिथे म्हणे उभं राहून शपथ घ्यायची, मग सही करायची. सही झाली की मुलगी इथली कोणी नाही. पुन्हा आलीच तर शिक्का मारून पाहुणी म्हणून यायची, स्वतःच्या घरी. हे सगळं हिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं, पोरीने घराला रंग दिलाय म्हणून सांगावं तसं.

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?" मी म्हणालो.

"वाजवू नका. तिनं एक मागितलंय फक्त. सही करताना बाबांच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणते. लाकडाचं, लहानसं काहीही."

मी मागच्या खोलीत जाऊन लेथ पुसत बसलो. लेथ स्वच्छच होता.


५ मार्च, बुधवार

ठरलं. हातचं हवंय ना? देतो. सही करायचीय ना? पेनच देतो.

साधंसुधं नाही. झेंड्याचं पेन. टोपणावर आपल्या झेंड्याच्या पट्ट्या, रंग लावलेल्या नाही, लाकडात लाकूड बसवून. देश सोडायची सही देशाच्याच पेनने कर म्हणावं. भर सभागृहात, त्या परक्या साहेबासमोर, हातात धर आणि कर.

गेल्या उन्हाळ्यात आली होती तेव्हाच हे अर्जाचं सांगितलं होतं तिने. मी म्हणालो, जा, तिकडचीच हो, पण मग या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस. त्यात चुकीचं काय बोललो? जावई तेवढ्यात मधे तोंड घालून म्हणाला, "बाबा, कागदाने माणूस बदलत नाही." हा गृहस्थ दिवसभर कागदच करतो ऑफिसात. दोघं दुसऱ्या दिवशी निघून गेले. तेव्हापासून ही फोनवर हळू आवाजात बोलते आणि मी रेडिओ मोठा करतो.


८ मार्च, शनिवार

लाकूड मिळालं. देशभक्तीचं लाकूड म्हणजे काय, तर झेंड्याचाच खांब.

कोपऱ्यावरच्या शाळेने जुना लाकडी खांब काढून स्टीलचा बसवला. जुना कुठे ठेवलाय म्हणून पाहायला गेलो, तर मुतारीच्या मागे, चिखलात. वर्षानुवर्षं ज्याच्यापुढे ताठ उभं राहून गाणी म्हटली, त्याच्या अंगावर आता डबे आणि फाटके फुटबॉल. शाळेच्या रखवालदाराला विचारलं, तुकडा कापून नेऊ का.

"न्या की. अख्खा न्या. मुख्याध्यापकांना जागा मोकळी हवीच आहे."

"अहो, झेंड्याचा खांब आहे हा."

"होता," रखवालदार म्हणाला आणि बिडी शोधू लागला.

वरून बोटभर कुजलेला होता. आत करवत गेली तेव्हा वास आला. घट्ट, तेलकट, सरळ रेषांचं लाकूड. असं आता बाजारात मिळत नाही. बाजारात मिळतो तो भुसा आणि डिंक दाबून केलेला फळा, आणि तो विकत घेऊन लोक म्हणतात, नवीन फर्निचर केलं.


९ मार्च, रविवार

सल्लागार आला होता. शेजारचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून याला दुसरा उद्योग नाही. याला लेथ चालू झाल्याचा आवाज आला की चहाचा वास येतो.

"काय घडवताय?"

सांगितलं. लेकीसाठी झेंड्याचं पेन. गहिवरलाच. छातीवर हात ठेवला. याच्या फाटकाला बारा महिने झेंडा असतो, प्लॅस्टिकचा, उन्हाने विटून तीनही पट्ट्या एकाच रंगाच्या झाल्यात. म्हणाला, "पोरं लांब गेली तरी माती विसरता कामा नये. अशी दहा करा, आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळात वाटू."

याचा स्वतःचा मुलगा तिकडेच, याच्या मुलाने तर सही करून जमाना झाला. त्याला हा जगाचा नागरिक म्हणतो. माझी मुलगी मात्र परवा त्याच्याच तोंडी 'गेली हो हातची' होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दहा करा म्हणे. पेन आहे की बोळकं.


१३ मार्च, गुरुवार

पहिला ठोकळा फुटला. पेनच्या लाकडाला लांबीत आरपार भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी चिकटवायची, मग बाहेरून कातत कातत बारीक करायचं. भोक शेवटाला आलं, मी जोर दिला आणि तळाची कपची उडाली. पलंगाचे खांब कातणाऱ्या हाताला पेन म्हणजे हत्तीने सुई ओवण्यातलं काम. लाकडाला दोष देता येत नाही. लाकूड उत्तम आहे. घाई माझी.

ही दारात येऊन म्हणाली, "तिचा अंगठा दुखतो हल्ली. हॉस्पिटलात रात्रंदिवस नोंदी लिहायच्या. सांध्याला सूज येते म्हणते. गोल, गुळगुळीत पेन पकडवत नाही."

"आम्ही जन्मभर पटाशी धरली," मी म्हणालो, "आमचा कधी सुजला नाही."

"तुमचा स्वभाव सुजला," ही म्हणाली आणि गेली. अलीकडे हिची जीभ फार सुटली आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसरा ठोकळा घेतला. हा जरा बारीक ठेवणार. मुलीची बोटं लांब आहेत, आईवर गेलीत, जाड पेन तिच्या हातात वरवंट्यासारखं दिसेल. आणि वजन मागच्या टोकाला नको, नाहीतर मनगट ओढलं जातं. हे काही कौतुक नाही, कातकामाचा हिशोब आहे. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या हाताचं माप घ्यायचं, मग तो हात कुणाचा का असेना.


१४ मार्च, शुक्रवार

झेंड्याच्या दोन रंगांची लाकडं घरातच मिळाली. तिसरा रंग जगातल्या कुठल्याच झाडात नाही. ज्यांनी झेंडा ठरवला त्यांनी सुताराला विचारलेलं दिसत नाही. विद्वान लोक, विचारतील कशाला.

शेवटी पांढऱ्या लाकडाची पातळ चकती कापडाच्या रंगात उकळली. ही म्हणाली, माझं पातेलं गेलं. मी म्हणालो, देशासाठी लोकांचे प्राण गेले. यावर हिने असं पाहिलं की मी पातेलं स्वतः घासून दिलं.


१७ मार्च, सोमवार

झालं.

स्वतःच्या कामाची स्तुती करणारा माणूस मला आवडत नाही, म्हणून एवढंच लिहितो की सांधा शोधायला भिंग लागेल. टोपणावर तीन पट्ट्या, खाली खांबाचं मधाळ तपकिरी लाकूड, मधे किंचित फुगवटा, टोकाला निमुळतं. लाखेचं पॉलिश सात हात दिलं. प्रत्येक हात वाळू दिला. कागदावर चालवून पाहिलं, अजिबात खरखर नाही. काय लिहावं सुचेना, तिचंच नाव लिहिलं, मग खोडलं.

सल्लागाराने पाहिलं आणि म्हणाला, "हे तर म्युझियममध्ये ठेवायला हवं." याने जन्मात म्युझियम पाहिलेलं नाही.


१८ मार्च, मंगळवार

आज खरं काम केलं. आतापर्यंत झाली ती सजावट.

पेन धरलं की अंगठा नेमका कुठे येतो ते पाहिलं. फुगवट्याच्या जरा खाली. तिथे टोकदार चाकूने एक शब्द कोरला. फितूर. लहान अक्षरं, पण स्वच्छ. पॉलिशच्या खाली गेला पाहिजे म्हणून चांगला खोल घेतला, अक्षरांत काळं मेण भरलं, वर पुन्हा एक हात दिला. आता पेन उचललं की टोपणावर झेंडा दिसणार, आणि सही करायला अंगठा टेकला की त्याच्या खाली हा शब्द.

लोक गिफ्ट देताना चांदीच्या अक्षरांत 'सप्रेम' कोरून घेतात. मी प्रामाणिक माणूस आहे.

रकार दोनदा करावा लागला. डोळ्यांत पाणी येत होतं, मेणाच्या धुराने.


२० मार्च, गुरुवार

हिला दाखवलं. मुद्दामच दाखवलं. लपवून करायला मी काही चोर नाही.

हिने चष्मा लावला. आधी टोपण पाहिलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग वाचलं. मला वाटलं आता रडेल, भांडेल, पेन भिंतीवर मारेल. त्याची माझी तयारी होती. मुद्दे काढून ठेवले होते.

ही म्हणाली, "अंगठा इथंच येतो?"

"इथंच. बरोब्बर मोजून कोरलंय."

"हं." पेन परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "एक सांगते, मग मी बोलणार नाही. ती तिकडे रोज विचार करते की बाबा पुन्हा दार उघडतील की नाही. हे पेन गेलं की तिला उत्तर मिळेल. मग ती यायची नाही. मी मेले तरी तुमच्या समोर उभी राहायची नाही. हे कळतंय ना तुम्हाला?"

"तिने ठरवलंय, मी नाही."

"बरं," ही म्हणाली. "ठेवा इथं. मी बांधते. तुमच्या बांधण्यात पार्सल वाटेतच सुटेल."

एवढंच. ना आवाज, ना डोळ्याला पदर. इतकी वर्षं संसार केला, पण या बाईला कशाने लागतं आणि कशाने नाही, मला कळलेलं नाही. तिलाही मनातून पटलं असावं. नाहीतर गप्प बसली असती का?


२२ मार्च, शनिवार

पार्सल काल गेलं. बांधायला हिला पूर्ण दिवस लागला. एवढंसं पेन, जणू काही कपाट पाठवायचंय. मी दुपारी झोपलो तर म्हणाली, झोपा अजून.

मागची खोली कुणीतरी झाडली आहे. माझे काचपेपर मी जाड-बारीक असे लावून ठेवतो, ते उलटसुलट. हिला कितीदा सांगितलं, माझ्या खोलीत आवराआवर करायची नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि बोटांना पट्ट्या गुंडाळून बसलीय, किसणीवर घासली म्हणे. एका हाताची बोटं ठीक, दोन्ही हातांची कशी घासतात माणसं?


२६ मार्च, बुधवार

कुरिअरच्या ऑफिसात जाऊन आलो. दुसरं काही नाही, पत्ता बरोबर लिहिलाय का ते पाहायला. हिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

काउंटरवरची मुलगी च्युइंगम चघळत होती. तिला म्हटलं, समजा पार्सल परत बोलवायचं असेल तर?

"का, काका? चुकीचं पाठवलंत?"

"चुकीचं काहीही नाही. नुसतं विचारतोय."

"विमानात गेलं ते. आता पोचल्यावरच थांबेल."

"म्हणजे मधे कुणी अडवू शकत नाही?"

"आत काय आहे?"

"पेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. एका पेनासाठी उन्हात चालत आलेला म्हातारा. मग कीव आल्यासारखी म्हणाली, "काका, दुसरं घ्या ना. इथं खालीच मिळतं, भारी असतं." यांच्या जगात पेन खालीच मिळतं. आई-बाप पण खालीच मिळत असतील.

घरी आलो. जेवण गेलं नाही. डॉक्टरची गोळी बदलायला हवी.


३० मार्च, रविवार

सल्लागार विचारत होता, पोचलं का, काय म्हणाली लेक. डोळे ओले करून ऐकायची तयारी करूनच आला होता. मी म्हटलं, तुमच्या जगाच्या नागरिकाने शेवटचा फोन कधी केला? तो उठून गेला. बिस्किटं मात्र संपवून गेला.

खरं म्हणजे त्याला असं बोलायला नको होतं. तो मुलाच्या फोनची वाट बघतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण मग छातीवर हात ठेवून दुसऱ्याच्या पोरीवर बोलावं कशाला?

माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती खोली येते. रांगेत उभी असलेली माणसं. मुलीचा नंबर येतो. ती पेन काढते. मी किती बारकाईने केलंय सगळं. अंगठा दुसरीकडे टेकेल अशी जागाच ठेवलेली नाही.


४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी फोन वाजला, व्हिडिओ कॉल. हिने उचलला आणि सरळ माझ्या पुढ्यात, टेबलावरच्या डब्याला टेकवून ठेवला. मी उठणार तेवढ्यात मुलगी दिसली. निळा ड्रेस, केस बांधलेले, मागे मोठं सभागृह, माणसांचा गलका. गेल्या उन्हाळ्यापेक्षा बारीक झालीय.

"बाबा, तुम्ही बोलणार नाही, माहीत आहे. नुसतं बघा."

तिने पेन कॅमेऱ्यासमोर धरलं. मला वाटलं, आता वाचून दाखवणार, सगळ्यांसमोर, आणि मग फोन बंद करणार. काढून ठेवलेल्या मुद्द्यांपैकी एकही आठवेना.

शब्द नव्हता.

जिथे कोरला होता तिथे फुगवट्याला एक खळगा होता. चपटा, अंगठ्याएवढा. पॉलिश निघालेलं, लाकूड उघडं पडलेलं, आणि त्यावर बारीक आडवे ओरखडे. लाकडाच्या रेषेला आडवे. माझ्या आयुष्यात मी एकही वस्तू आडवी घासलेली नाही. वरून कसलं तरी तेल चोपडून तो डाग लपवायचा प्रयत्न केलेला. अत्यंत गचाळ काम.

"मी पेटी उघडली ना," मुलगी सांगत होती, "आणि पेन धरलं, तर अंगठा आपोआप आत बसला. दुखलाच नाही. आईने सांगितलं असेल तुम्हाला अंगठ्याचं, पण तुम्ही लक्षात ठेवलंत. एवढं सुंदर पेन करून, त्यावरचं पॉलिश पुन्हा खरवडून माझ्यासाठी जागा केलीत." तिने अंगठा परत त्या खळग्यात टेकवला. "खरं सांगू? मी पेटी दोन दिवस उघडलीच नव्हती. मला वाटलं, तुम्ही काहीतरी लागेल असं पाठवलं असेल."

मी हिच्याकडे पाहिलं. ही पलीकडे बसून शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. बोटांच्या पट्ट्या गेल्यात, पण कातडी अजून गुलाबी आहे.

सांगून टाकावं असं फार वाटलं. प्रामाणिक माणूस म्हणवतो मी स्वतःला. तोंड उघडलं.

"तिथं पॉलिश नाही," मी म्हणालो. एवढ्या दिवसांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मागचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"उघडं लाकूड आहे. घाम लागला की काळं पडेल. फार दिवस तसं वापरायचं नाही. घेऊन ये, मी नीट करून देतो."

"कुठं घेऊन येऊ?"

"कुठं म्हणजे? लेथ काय तिकडे आहे?"

तिने तोंडावर हात धरला. तिच्या मागून कुणीतरी तिचं नाव पुकारलं, वेड्यावाकड्या उच्चारात, यांना साधी नावं घेता येत नाहीत. ती वळली, परत फोनकडे वळली. "येते, बाबा. सुट्टी मिळाली की लगेच येते. आता जाऊ? नंबर आलाय."

"जा. आणि दाबून धरू नकोस पेन, आपोआप चालतं ते."

फोन बंद झाला. देशाचं काय व्हायचं ते होवो. मला ती बारीक का झालीय तेवढंच डोक्यात राहिलं.

ही शेंगा सोलतच होती. मी तिच्या बोटांकडे बघत बसलो.

"आडवा काचपेपर मारलास," मी म्हणालो. "लाकूड कधी आडवं घासत नाहीत."

"मला काय कळतंय त्यातलं," ही म्हणाली. "जाईपर्यंत घासत बसले. फार खोल कोरला होतात तुम्ही."